पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन नाही: लिनक्सवरचं बिघडलेलं खातं दुरुस्त करायचा क्रम

पासवर्ड टाकला, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि पुन्हा लॉगिनचाच चौकोन समोर आला. किंवा लॉगिन झालं, पण डेस्कटॉप कोरा आहे, एकही सेटिंग जतन होत नाही, आणि कालपर्यंत चालणारं सुडो (रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्याच्या, हक्कांनी कमांड चालवणारं साधन) आज ओळख देत नाही. अशा वेळी बहुतेक जण तीन गोष्टी करतात: नेटवर पहिली सापडलेली कमांड चालवतात, होम फोल्डरला सरसकट ७७७ (सगळ्यांना सगळे हक्क देणारी) परवानगी देतात, आणि ते जमलं नाही की अख्खी सिस्टिम नव्याने टाकतात. पहिल्या दोन उपायांनी दहा मिनिटांचा बिघाड दिवसभराचा होतो, आणि तिसऱ्याची बहुतेक वेळा गरजच नसते.

लिनक्समधलं खातं ही काही गूढ वस्तू नाही. एका फाइलीत तुमच्या नावाची एक ओळ, दुसरीत पासवर्डची एक ओळ, काही गटांमध्ये नाव, आणि एक होम फोल्डर, एवढंच. बिघाड यांपैकी कुठल्या तरी एकाच ठिकाणी असतो. ते ठिकाण सापडेपर्यंत काहीही बदलायचं नाही, हा या लेखाचा एकमेव आग्रह आहे.

लेख उबुंटू आणि मिंट डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. फेडोरा किंवा आर्चवर जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाका. मोठं अक्षर लागतं तिथे वेगळं लिहिलं आहे. खात्याचं नाव उदाहरणादाखल ‘अनघा’ धरलं आहे, तिथे तुमचं नाव घाला.

## तयारी: हात लावण्याआधी

१. लक्षण नीट लिहून घ्या. ‘लॉगिन होत नाही’ हे लक्षण पुरेसं नाही. पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश येतो, की संदेश न येता लॉगिनची पाटी परत येते? हे दोन अगदी वेगळे आजार आहेत. पहिल्यात सिस्टिम तुम्हाला ओळखत नाही. दुसऱ्यात ती ओळखते, दार उघडते, आणि आत गेल्यावर काहीतरी कोसळतं. दुसऱ्या प्रकारात पासवर्ड बदलून काहीही साध्य होत नाही, तरी लोक आधी तोच बदलतात.

२. शेवटचा बदल आठवा. कुठला ड्रायव्हर टाकला? खिडकीवाला प्रोग्राम सुडो लावून उघडला? एखाद्या गटात स्वतःला घातलं? शेल, म्हणजे तुमच्या कमांड घेणारा प्रोग्राम, बदललं? डिस्क भरत आल्याची सूचना दोन दिवस दिसत होती आणि ती बंद केली? याचं उत्तर बहुतेक वेळा थेट योग्य टप्प्यावर नेतं.

३. कीबोर्ड तपासा. मराठीत टाइप करणाऱ्यांकडे हा घोळ नेहमीचा आहे. मराठी लेआउट चालू असताना स्क्रीन लॉक झाली, की पासवर्डच्या चौकोनात ठिपके उमटतात, पण आत देवनागरी अक्षरं जात असतात. लॉगिन स्क्रीनच्या कोपऱ्यात भाषेची खूण असते, ती इंग्रजीवर आणा. पासवर्डमध्ये आकडे असतील आणि ते बाजूच्या नंबर-पॅडवरून टाकत असाल तर नम लॉकही बघा.

४. हार्डवेअरची शंका बाजूला सारा. गेस्ट किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाचं खातं असेल तर त्यातून लॉगिन करून बघा. तेही चालत नसेल तर बिघाड तुमच्या खात्याचा नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर, भरलेली डिस्क किंवा अर्धवट अपडेट यांच्याकडे बघावं लागेल. एन्व्हिडियाचा ड्रायव्हर अर्धवट बसला की नेमकी अशीच लॉगिनची गोल फेरी लागते, मग होम फोल्डर कितीही साफ केला तरी फरक पडत नाही.

## टप्पा १: मजकुरी कन्सोलवर जा

लॉगिन स्क्रीनवर असताना कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या स्क्रीनवर नाव विचारलं जाईल. नाव टाका, मग पासवर्ड. पासवर्ड टाकताना ठिपकेही दिसत नाहीत, तसंच असतं. परत जायला कंट्रोल, ऑल्ट, एफ१ किंवा एफ२, मिंटवर एफ७.

इथे काय घडतं त्यावर पुढची वाट ठरते.

- लॉगिन व्यवस्थित झालं: ओळख, पासवर्ड आणि शेल ठीक आहेत. टप्पा ३ करा, मग सरळ टप्पा ५ आणि ६.
- लॉगिन चुकीचं असल्याचा संदेश आला: टप्पा ३, मग टप्पा ४.
- होम फोल्डर नसल्याचं सांगून सिस्टिमने मुळाशी, म्हणजे नुसत्या तिरक्या रेघेच्या फोल्डरात आणून सोडलं: होम हलला आहे, जोडला गेलेला नाही किंवा त्याची मालकी गेली आहे. टप्पा ५.
- लॉगिन झालं आणि त्याच क्षणी बाहेर फेकलं: बहुधा शेल किंवा सुरुवातीची एखादी फाइल. टप्पा ४ चा शेवट आणि टप्पा ६.
- लॉगिन झालं, पण साध्या एलएस कमांडलाही ‘अशी कमांड नाही’ असं उत्तर आलं: पाथ, म्हणजे कमांड कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी, पुसला गेला आहे. तेही टप्पा ६ मध्ये.

तपासणी: कन्सोलवर आत आलात तर ‘सुडो -व्ही’ चालवून पाहा. पासवर्ड घेऊन गुपचूप परत आलं तर तुमच्याकडे दुरुस्तीचे हक्क आहेत, टप्पा २ मधलं फक्त शेवटचं प्रती काढण्याचं काम करा. तसं झालं नाही, किंवा आतच येता आलं नाही, तर आधी टप्पा २.

## टप्पा २: रूटचे हक्क मिळवा

स्वतःच्या खात्यातून सुडो चालत नसेल तर तीन वाटा आहेत. सोप्यापासून सुरुवात करा.

दुसरं ॲडमिन खातं असेल तर तेच वापरा. एकट्याच्या मशीनवरही असं एक जादा खातं असावं असं माझं मत आहे. ते करायला दोन मिनिटं लागतात, आणि ते नसल्याची किंमत नेमकी नको त्या दिवशी मोजावी लागते.

ते नसेल तर उबुंटू आणि मिंटवर रिकव्हरी मोड आहे. मशीन सुरू होताना जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरा, यूईएफआय असेल तर एस्केप एकदा दाबा. ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला सिस्टिम निवडायच्या, यादीत ॲडव्हान्स्ड पर्याय, त्यात रिकव्हरी मोड, आणि पुढच्या मेनूत ‘रूट’. इथे डिस्क बऱ्याचदा फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते, म्हणून सगळ्यात आधी ही कमांड:

माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू /

ही विसरली की पासवर्ड बदलताना ‘ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर’ असा भारदस्त संदेश येतो आणि लोकांना वाटतं पासवर्डची फाइलच बिघडली. फाइलला काही झालेलं नसतं, फक्त तिच्यावर लिहिता येत नसतं.

तिसरी वाट लाइव्ह पेनड्राइव्हची, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच लिनक्स सुरू करण्याची. फेडोरावर रूटचं खातं बंद असेल तर रेस्क्यू मोड आत घेत नाही, तेव्हा हीच सोयीची पडते. मात्र फेडोराच्या डिस्कवर बाहेरून पासवर्डची फाइल बदललीत तर तिच्या मुळाशी ‘.ऑटोरिलेबल’ नावाची रिकामी फाइल तयार करायला विसरू नका. नाहीतर एसई-लिनक्स (फेडोराची जादा सुरक्षा यंत्रणा) त्या बदललेल्या फाइलला परकी समजतं, आणि बरोबर पासवर्डही नाकारला जातो.

आत आल्यावर पहिलं काम: प्रती काढा. /ईटीसी फोल्डरातल्या पासडब्ल्यूडी, शॅडो, ग्रुप आणि जीशॅडो या चार फाइलींची प्रत रूटच्या फोल्डरात ठेवा. तिथेच याच नावांच्या, पण शेवटी एक आडवी रेघ असलेल्या आणखी चार फाइली दिसतील. त्यांचीही प्रत घ्या. या रेघवाल्या फाइलींमध्ये शेवटच्या बदलाआधीची स्थिती असते. तुम्ही दुरुस्तीची पहिली कमांड चालवली की त्यांच्यावर नवं लिहिलं जातं, आणि बिघडण्याआधीचा पुरावा गेला. म्हणून प्रत आधी, उपाय नंतर.

## टप्पा ३: जागा आहे का ते बघा

हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणून तो सगळे गाळतात. पण डिस्क भरली की सेशनला लागणाऱ्या छोट्या फाइली तयार होत नाहीत, आणि लॉगिनची गोल फेरी सुरू होते. शिवाय भरलेल्या डिस्कवर पुढचा कुठलाही उपाय अर्धवट लिहिला जाऊ शकतो.

डीएफ -एच
डीएफ -आय

पहिली कमांड जागा दाखवते, दुसरी आयनोड, म्हणजे किती फाइली अजून मावतील ते. जागा शिल्लक असूनही आयनोड संपलेले असू शकतात. लाखो छोट्या फाइलींचा कॅशे साठला की असं होतं.

रूटने आत जाता येतं, म्हणजे डिस्क भरलेली नाही, असं समजू नका. ईएक्सटी४ प्रकारच्या डिस्कवर मूळ मांडणीत ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवलेली असते. तुमच्या खात्याला एक अक्षर लिहायला जागा नसते तेव्हा रूटचं काम बिनबोभाट चालतं.

जागा करायची तर आधी निरुपद्रवी गोष्टी काढा: ‘एपीटी क्लीन’, आणि ‘जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम’, त्यातला एम मोठा. मग ट्रॅश आणि डाउनलोड. /व्हार फोल्डरातलं काही हाताने पुसू नका.

याच वेळी तात्पुरत्या फाइलींचा फोल्डरही बघून घ्या:

एलएस -एलडी /टीएमपी

परवानग्यांच्या ओळीत शेवटचं अक्षर ‘टी’ हवं आणि मालक रूट. तसं नसेल तर ‘सीएचमॉड १७७७ /टीएमपी’. संपूर्ण लेखात सगळ्यांना लिहिण्याचा हक्क द्यायची ही एकमेव जागा आहे.

तपासणी: डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली गेली आहे का? ‘डीएमईएसजी’च्या यादीत रीड-ओन्ली असा उल्लेख शोधा. चालू असताना डिस्क स्वतःहून तशी झाली असेल तर खात्याची दुरुस्ती थांबवा, महत्त्वाच्या फाइली बाहेर काढा आणि लाइव्ह पेनड्राइव्हवरून एफएससीके (डिस्क तपासणारी कमांड) चालवा. आजार खात्याचा नाही, डिस्कचा आहे.

## टप्पा ४: ओळख, पासवर्ड, शेल

सिस्टिम तुम्हाला ओळखते का?

आयडी अनघा
गेटएंट पासडब्ल्यूडी अनघा

दुसऱ्या कमांडच्या उत्तरात विसर्गासारख्या दोन टिंबांनी तोडलेले सात भाग दिसतात: नाव, एक्स, वापरकर्ता क्रमांक, गट क्रमांक, पूर्ण नाव, होमचा पत्ता, शेल. सहावा आणि सातवा भाग डोळ्यांनी वाचा. होमचा पत्ता खरंच अस्तित्वात आहे का? शेलचा प्रोग्राम डिस्कवर आहे का? झेडएसएच किंवा फिश हौसेने लावून नंतर ते पॅकेज काढून टाकलं, की खातं असंच अडकतं. उपाय:

सुडो यूजरमॉड -एस /बिन/बॅश अनघा

आता पासवर्डची स्थिती:

सुडो पासडब्ल्यूडी -एस अनघा

इथला एस मोठा. उत्तरातला दुसरा शब्द बघा. ‘पी’ म्हणजे पासवर्ड चालू, ‘एल’ म्हणजे कुलूप, ‘एनपी’ म्हणजे पासवर्डच नाही. कुलूप असेल तर ‘पासडब्ल्यूडी -यू अनघा’ ते काढतं. खात्याची मुदत संपली आहे का ते ‘सीएचएज -एल अनघा’ सांगतं.

आर्चवर आणखी एक कुलूप असतं, आणि ते वरच्या कमांडमध्ये दिसत नाही. तीनदा चुकीचा पासवर्ड टाकला की खातं १० मिनिटं बंद राहतं. त्या दहा मिनिटांत बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो, आणि माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो. ‘फेललॉक --यूजर अनघा’ यादी दाखवतं, त्यालाच ‘--रीसेट’ जोडलं की कुलूप निघतं.

> सावधान: पासवर्ड बदलण्याआधी /होम फोल्डरात ‘.ईक्रिप्टएफएस’ नावाचा लपलेला फोल्डर आहे का ते ‘एलएस -ए /होम’ करून बघा. असेल तर होम गुपित केलेला आहे आणि त्याची किल्ली तुमच्या जुन्या पासवर्डात गुंडाळलेली आहे. रूटने पासवर्ड बदलला तर ती किल्ली नव्या पासवर्डाने उघडत नाही, आणि लॉगिन झालं तरी होम रिकामा दिसतो. उबुंटूने इन्स्टॉलरमधला हा पर्याय १८.०४ पासून काढला, मिंटमध्ये तो नंतरही राहिला. अशा मशीनवर आधी जुना पासवर्ड आठवा.

हे नसेल तरच ‘पासडब्ल्यूडी अनघा’ म्हणून नवा पासवर्ड द्या. त्यानंतर लॉगिन झाल्यावर कीरिंग (साठवलेल्या पासवर्डांची तिजोरी) उघडत नसल्याची खिडकी येईल. ती जुना पासवर्ड मागते आहे. तो माहीत असेल तर एकदा द्या आणि कीरिंगचा पासवर्ड नव्याशी जुळवा. माहीत नसेल तर त्यात साठवलेले वायफाय आणि इतर पासवर्ड गेले असं धरा.

तपासणी: रूट असताना ‘एसयू - अनघा’ चालवा, मधली आडवी रेघ महत्त्वाची. रूटला पासवर्ड विचारला जात नाही, त्यामुळे ही कमांड पासवर्ड वगळून फक्त शेल, होम आणि सुरुवातीच्या फाइली तपासते. ही चालली आणि कन्सोलवरचं लॉगिन चाललं नाही, तर दोष पासवर्डाच्या बाजूला. हीच अडखळली, तर पुढे चला.

## टप्पा ५: होम फोल्डरची मालकी

पासवर्ड बरोबर असूनही आत न जाता येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण इथे असतं, म्हणून इथे घाई नको.

मुळात हे होतं कसं? तुम्ही सुडो लावून एखादा एडिटर किंवा फाइल मॅनेजर उघडता. तो प्रोग्राम रूट म्हणून चालतो, पण सेटिंग मात्र तुमच्या होममध्ये लिहून ठेवतो. त्या फाइलींचा मालक रूट होतो. पुढच्या लॉगिनला तुमच्या सेशनला त्याच फाइलींवर लिहायचं असतं, ते जमत नाही, आणि सेशन गुपचूप मरतं.

आधी फक्त बघा:

एलएस -एलडी /होम/अनघा
सुडो फाइंड /होम/अनघा ! -यूजर अनघा -एलएस

दुसरी कमांड होममधल्या, तुमच्या मालकीच्या नसलेल्या सगळ्या फाइली दाखवते. यादी रिकामी आली तर हा टप्पा संपला. आली, तर मालकाचा रकाना वाचा. तीन शक्यता असतात.

मालक रूट आहे. फक्त तेवढ्याच फाइली परत घ्या:

सुडो फाइंड /होम/अनघा -यूजर रूट -एक्झेक सीएचओन -एच अनघा:अनघा {} +

‘-एच’ गाळू नका. होममध्ये एखादी सिमलिंक (दुसऱ्या फाइलीचा नुसता पत्ता असलेली फाइल) सिस्टिमच्या फाइलीकडे बोट दाखवत असेल, तर त्याशिवाय तुम्ही लिंकऐवजी त्या सिस्टिमच्या फाइलीचा मालक बदलाल. नंतर ते शोधून काढणं फार जिकिरीचं.

मालकाच्या जागी नुसता आकडा किंवा घरातल्या दुसऱ्याचं नाव आहे. सिस्टिम नव्याने टाकली, /होमचं वेगळं पार्टिशन जुनंच ठेवलं, आणि खाती वेगळ्या क्रमाने तयार केली, की हे घडतं. लिनक्स फाइलीवर मालकाचं नाव लिहीत नाही, आकडा लिहितं. पहिल्या खात्याला १०००, दुसऱ्याला १००१. आधी बहिणीचं खातं पहिलं होतं आणि आता तुमचं, की दोघांच्या फाइलींची अदलाबदल झाली. जुना आकडा ‘एलएस -एलएन /होम’ ने पाहून घ्या. तो १००१ असेल तर:

सुडो सीएचओन -आर --फ्रॉम=१००१ अनघा:अनघा /होम/अनघा

इथला आर मोठा, आकडे अर्थातच इंग्रजी. ‘--फ्रॉम’ मुळे बाकीच्या मालकांच्या फाइलींना धक्का लागत नाही. दोघांच्या होमवर ही कमांड आपापल्या आकड्यांसह वेगवेगळी चालवा, एकत्र /होमवर कधीच नाही.

मालकाचा आकडा लाखाच्या पुढचा आहे, आणि फाइली ‘.लोकल/शेअर/कंटेनर्स’ मध्ये आहेत. हे पॉडमनचे कंटेनर आहेत. तसंच असायला हवं. सरसकट मालकी बदलली तर कंटेनर मोडतात. सोडून द्या.

> सावधान: ‘.*’ असा तारा वापरून लपलेल्या फाइलींची मालकी बदलायच्या फंदात पडू नका. काही शेलमध्ये त्या ताऱ्यात दोन टिंबं, म्हणजे वरचा फोल्डरही येतो, आणि अख्ख्या /होमची मालकी तुमच्या नावावर होते. पूर्ण पत्ता लिहा.

आता परवानग्या. होम फोल्डर ७००, ७५० किंवा ७५५ असला तरी लॉगिनला हरकत नाही. ७७७ नको. त्याने लॉगिनची गोल फेरी सुटत नाही, उलट एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून आत येण्याच्या सोयीच्या) किल्लीने होणारं लॉगिन बंद पडतं, कारण होमवर दुसरं कुणी लिहू शकत असेल तर एसएसएच त्यातल्या किल्लीवर विश्वास ठेवत नाही. ‘.एसएसएच’ फोल्डर ७०० आणि त्यातल्या खाजगी किल्ल्या ६०० ठेवा.

कुणी ही ७७७ मुळापासून, म्हणजे / पासून सगळ्या फाइलींवर चालवली असेल तर मात्र दुरुस्तीच्या भरीस पडू नका. सुडोच्या प्रोग्रामवरची खास खूण पुसली गेलेली असते आणि तशाच आणखी किती खुणा गेल्या ते मोजत बसावं लागतं. फाइली बाहेर काढा आणि सिस्टिम नव्याने टाका. नव्याने टाकणं योग्य ठरतं अशा थोड्या प्रसंगांपैकी हा एक.

तपासणी: फाइंडची पहिली, फक्त बघणारी कमांड पुन्हा चालवा. मग कन्सोलवर तुमच्या खात्यातून ‘टच चाचणी’ म्हणून एक रिकामी फाइल बनते का बघा. बनली की ग्राफिकल लॉगिन करून पाहा. बरंच काही इथेच मिटतं.

## टप्पा ६: सेशनच्या फाइली

इथला नियम: पुसायचं नाही, नाव बदलायचं. आणि हे करताना त्या खात्याचं ग्राफिकल सेशन चालू नको. ‘लॉगिनसीटीएल’ यादी दाखवतं. सेशन चालू असेल तर बंद होताना ते जुनीच सेटिंग पुन्हा लिहून ठेवतं आणि तुमची मेहनत वाया जाते.

आधी पुरावा बघा. मिंटवर होममधली ‘.एक्ससेशन-एरर्स’ फाइल, उबुंटूवर ही कमांड:

सुडो जर्नलसीटीएल -बी _यूआयडी=१०००

यातले यू, आय, डी मोठे. शेवटच्या प्रयत्नाच्या वेळेच्या आसपासच्या ओळी वाचा. ‘परमिशन डिनाइड’ दिसलं तर टप्पा ५ मध्ये काहीतरी सुटलं आहे.

१. .एक्सऑथॉरिटी (एक्स मोठा) आणि .आइसऑथॉरिटी (आय, सी, ई मोठे). मिंटच्या लाइटडीएमवर (लॉगिन स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम, उबुंटूवर तेच काम जीडीएम करतो) पहिली फाइल खरोखर वापरात असते, तिचं नाव बदललं की नवी आपोआप बनते. उबुंटूच्या जीडीएमवर तिची जागा होममध्ये नसून /रन फोल्डरात असते. त्यामुळे तिथे होममधली जुनी .एक्सऑथॉरिटी पुसून फरक पडला नाही तर नवल नाही.

२. .प्रोफाइल, .बॅश_प्रोफाइल, .एक्सप्रोफाइल. ग्राफिकल लॉगिनही यांतल्या फाइली वाचतं. शेवटी एखादं ‘एक्झिट’ किंवा ‘एक्झेक झेडएसएच’ लिहिलं असेल तर डेस्कटॉप सुरू व्हायच्या आधीच सगळं संपतं. पाथ वाढवताना जुना पाथ जोडायचा राहिला की एकही कमांड सापडत नाही. तेव्हा ‘/बिन/एमव्ही’ असा पूर्ण पत्ता देऊन फाइलचं नाव बदला आणि पुन्हा लॉगिन करा. कोरी प्रत /ईटीसी/स्केल (एस, के, ई, एल) फोल्डरात असते.

३. .कॅश. नाव बदला. यात जपण्यासारखं काही नसतं.

४. जीनोमची एक्स्टेन्शन्स. ‘.लोकल/शेअर/जीनोम-शेल/एक्स्टेन्शन्स’ चं नाव बदला. मोठ्या अपडेटनंतर बिघाड सुरू झाला असेल तर संशय आधी इथे घ्या.

५. .कॉन्फिग/डीकॉन्फ, आणि शेवटी अख्खं .कॉन्फिग. डीकॉन्फने जीनोम आणि सिनॅमन मूळ रूपात येतात.

अख्खं .कॉन्फिग बाजूला केल्यावर क्रोम रिकामा दिसेल, कारण त्याचं प्रोफाइल तिथेच राहतं. घाबरून नवं प्रोफाइल बनवू नका. ही फक्त चाचणी आहे. लॉगिन झालं तर दोषी त्या फोल्डरात आहे एवढं कळलं. मग जुन्यातले अर्धे उपफोल्डर परत आणा, लॉगिन करा. चाललं तर दोषी उरलेल्या अर्ध्यात. चार-पाच फेऱ्यांत एकच नाव उरतं.

.लोकल मात्र पूर्ण हलवू नका. त्यात कीरिंग, हाताने टाकलेले देवनागरी फॉन्ट आणि बऱ्याच प्रोग्रामांचा खरा डेटा असतो.

## टप्पा ७: सुडो आणि गट

लॉगिन होतं पण सुडो म्हणतं की हे नाव यादीत नाही. याचं कारण जवळपास नेहमी एक हरवलेलं अक्षर असतं. डॉकरच्या (कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) गटात स्वतःला घालताना ‘यूजरमॉड -मोठा जी डॉकर’ लिहिलं आणि लहान ‘ए’ राहिला. ‘ए’ असेल तर गट जोडला जातो. नसेल तर बाकीचे सगळे गट काढून फक्त तोच ठेवला जातो, आणि सुडोचा गटही त्यात गेला.

टप्पा २ मध्ये घेतलेली रेघवाली ग्रुप फाइलीची प्रत आता कामाला येते. ‘डिफ’ कमांडने ती आत्ताच्या फाइलीशी ताडून पाहा, कुठले गट गेले ते ओळीओळीने कळेल. परत घालायला:

यूजरमॉड -एजी सुडो,एडीएम,एलपीॲडमिन अनघा

लहान ए, मोठा जी. फेडोरा आणि आर्चवर सुडोऐवजी ‘व्हील’. बाहेर पडून पुन्हा लॉगिन केल्याशिवाय नवे गट लागू होत नाहीत.

सुडोअर्स फाइलीतच चूक झाली असेल तर ‘व्हीआयसुडो -सी’ ओळ क्रमांकासह दाखवतं. ती फाइल साध्या एडिटरने उघडू नका. व्हीआयसुडो जतन करण्याआधी व्याकरण तपासतं, साधा एडिटर तपासत नाही.

## टप्पा ८: तरीही नाही जमलं, तर नवं खातं

सिस्टिम नव्याने टाकण्याची अजूनही गरज नाही. ‘ॲडयूजर’ने दुसरं खातं करा, त्यातून लॉगिन होतंय याची खात्री करा, आणि सामान हलवा. पूर्ण होम उचलून टाकलात तर बिघाडही सोबत येईल, म्हणून निवडून:

सुडो आरसिंक -ए --सीएचओन=नवीन:नवीन /होम/अनघा/डॉक्युमेंट्स /होम/नवीन/

डॉक्युमेंट्सचा डी मोठा. कागदपत्रं, फोटो, डाउनलोड आधी. मग .एसएसएच आणि .जीएनयूपीजी. फायरफॉक्स उबुंटू २२.०४ पासून स्नॅपमध्ये येतो, त्याचं प्रोफाइल ‘स्नॅप/फायरफॉक्स/कॉमन/.मोझिला’ मध्ये शोधा. फ्लॅटपॅकचे प्रोग्राम ‘.व्हार/ॲप’ मध्ये. फॉन्ट ‘.लोकल/शेअर/फॉन्ट्स’ मध्ये. मराठी कीबोर्डची निवड नव्या खात्यात पुन्हा करावी लागते.

होमबाहेरची एक गोष्ट हमखास राहते: क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी. ‘सुडो क्रॉनटॅब -यू अनघा -एल’ करून जुनी यादी काढून घ्या. रात्रीचा बॅकअप त्यातून चालत असेल तर तो थांबल्याचं महिन्याभराने कळण्यात अर्थ नाही.

जुनं खातं लगेच पुसू नका, आणि ‘यूजरमॉड -मोठा एल’ ने कुलूप लावलं म्हणजे ते बंद झालं असंही समजू नका. ते फक्त पासवर्ड अडवतं, एसएसएच किल्लीने आत येता येतंच. पूर्ण बंद करायचं तर मुदत संपवा:

सुडो यूजरमॉड --एक्स्पायरडेट १ अनघा

महिनाभर जुन्या होमकडे जावं लागलं नाही, की ‘डिलयूजर --रिमूव्ह-होम अनघा’. ही कमांड दाबण्याआधी नाव एकदा मोठ्याने वाचा.